बुडबुडे, गिधाडं आणि चहापत्ती

ऑक्टोबर २०२०. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातली हवा हळूहळू निसटत होती आणि भोक काही सापडत नव्हतं. एकेका भागाची दारं लावून बघितली, तेव्हा एवढं कळलं की गळती रशियाच्या ‘झ्वेझ्दा’ या भागात आहे. नेमकी जागा मात्र हाती लागेना. शेवटी अंतराळवीर अनातोली इवानिशिन आणि त्याच्या सोबत्यांनी चहाची पुडी फोडली, पत्ती हवेत सोडली, कॅमेरे चालू ठेवले आणि दार ओढून घेतलं. तिथे पत्ती खाली बसत नाही, हवा नेईल तिकडे जाते. कॅमेऱ्यात दिसलं की पत्ती तरंगत तरंगत एका बारीक चिरेकडे चालली आहे. झालं, चोर सापडला! चिकटपट्टी लावून तात्पुरती डागडुजीही झाली.

गळती शोधण्याची झाडून सगळी विद्या या एका प्रसंगात आहे. जे डोळ्यांना दिसत नाही, ते दिसेल असं काहीतरी करायचं. कुठे बुडबुडा, कुठे डाग, कुठे वास, कुठे आवाज. आणि पहिल्यांदा बघायचं ते जोडाजवळ. पत्रा सहसा मधेच गळत नाही. पत्र्याला पत्रा जिथे मिळतो तिथे गळतो. कापडाचं, लाकडाचं, प्लास्टिकचं तेच. म्हणून कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या असंख्य वस्तूंच्या सांध्यांची परीक्षा होते, आणि त्या परीक्षांच्या एकेक गोष्टी अशा आहेत की ऐकत राहाव्यात.

पंक्चरवाल्याची विद्या

सायकलची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे बघणारा पंक्चरवाला जे करतो, तेच मोटारसायकलची टाकी बनवणाऱ्या कारखान्यात होतं. टाकी म्हणजे दाबून आकार दिलेले पत्र्याचे दोन भाग. त्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून तांब्याच्या दोन चाकांमधून फिरवतात, चाकांतून वीज सोडतात आणि कडा वितळून एकजीव होतात. हे सीम वेल्डिंग. मग टाकीची सगळी तोंडं बुचांनी बंद करायची, आत हवा भरायची, टाकी पाण्यात बुडवायची आणि वर दिवा लावून जोडावर नजर ठेवायची. हवा अगदी बेताची भरतात. जास्त दाब दिला तर टाकीच फुगून बेढब होईल.

यातलं खरं कसब वेगळंच आहे. टाकी पाण्यात गेली की बाहेरची हवा बारीक बारीक फुग्यांच्या रूपात पत्र्याला चिकटून राहते. नवशिक्याला वाटतं, सगळीकडूनच गळतंय! जाणता कामगार आधी जोडावरून हात फिरवतो, चिकटलेले फुगे झटकतो आणि मग थांबतो. त्याच जागी पुन्हा फुगा आला, मोठा झाला, सुटला आणि त्याच्या मागून दुसरा आला, तर खडूने खूण. हे थांबणं महत्त्वाचं. बारीक भोकाला एक बुडबुडा तयार करायलाही वेळ लागतो, आणि घाईत उचललेली टाकी पास होऊन जाते.

जी वस्तू पाण्यात घालता येत नाही, तिच्यासाठी साबणाचं पाणी. तेलाच्या प्रचंड टाक्यांचा तळ तपासताना तर गंमत उलटी होते. तळाच्या खाली जाऊन हवा सोडणार कशी? म्हणून जोडावर साबणाचं पाणी लावतात, वर काचेचं झाकण असलेली बिनबुडाची पेटी दाबून ठेवतात आणि पेटीतली हवा शोषून घेतात. भोक असेल तर खालची हवा वर ओढली जाते आणि काचेतून फेस दिसतो.

गरम टाकीचा चकवा

पाण्यात बुडवणं वेळखाऊ, वस्तूही ओली होते. म्हणून पुष्कळ ठिकाणी हवा भरून, नळी बंद करून, नुसता दाब बघतात. दाब उतरला म्हणजे गळती. सोपं वाटतं ना? पण वेल्डिंग करून नुकताच आलेला भाग अजून गरम असतो. तो निवतो तशी आतली हवाही निवते, आणि साध्या खोलीच्या तपमानाला हवा एका अंशाने निवली तरी तिचा दाब सुमारे ०.३३ टक्के उतरतो. बारीक गळतीनेही दाब एवढाच उतरतो. म्हणजे सोळा आणे चांगली वस्तू नापास! म्हणून माल आधी निवू द्यायचा, पंख्याचा झोत आणि दारातून येणारं ऊन त्याच्यावर पडू द्यायचं नाही, मग चाचणी. चाचणीचं यंत्र कितीही महाग आणा, ही शिस्त पाळली नाही तर ते खोटंच बोलणार.

एक घन सेंटिमीटर, बत्तीस वर्षं

बुडबुड्याने गळती सापडते ती किती बारीक? सेकंदाला एक घन मिलिमीटर हवा सुटत असेल तर डोळ्यांना सहज कळतं. आता हेलियमवाल्यांचा हिशेब बघा. त्यांच्या यंत्राला याच्या दहा लाखाव्या हिश्शाची गळतीसुद्धा सहज पकडता येते. म्हणजे किती? तर त्या भोकातून एक घन सेंटिमीटर वायू बाहेर पडायला जवळपास ३२ वर्षं लागतील. आणि यंत्र ते काही सेकंदांत सांगतं!

हे यंत्र दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात आकाराला आलं. टेनेसीतल्या ओक रिजला युरेनियम वेगळं करण्याचा अवाढव्य कारखाना उभा राहत होता. त्यात खेळणारा युरेनियमचा वायू असा की हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की बिघडतो आणि यंत्रंही खातो. नळ्यांना सांधे असंख्य, आणि एकानेही हवा आत घेऊन चालणार नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या आल्फ्रेड निअर याने वस्तुमान वर्णपटमापक या प्रयोगशाळेतल्या उपकरणाला गळती शोधायच्या कामाला जुंपलं. नळीतली हवा काढून टाकायची, बाहेरून सांध्यावर हेलियमचा झोत फिरवायचा. भोक असेल तर हेलियम आत शिरणार आणि यंत्र ते ओळखणार.

हेलियमच का? तो बारीकशा फटीतून शिरतो, कशाशी संयोग पावत नाही, पेट घेत नाही, आणि हवेच्या दहा लाख भागांत तो जेमतेम पाच भाग असतो, त्यामुळे घोटाळा होत नाही. आज फ्रिज आणि एसीच्या नळ्यांपासून उपग्रहाच्या टाक्यांपर्यंत हीच पद्धत चालते.

या हेलियमचं आपल्याकडे एक घरचं नातं आहे. १८ ऑगस्ट १८६८ ला भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन याने आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट बघितला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये लॉकियरने सूर्यप्रकाशातली अनोळखी पिवळी रेषा टिपली आणि नवं मूलद्रव्य पुढे आलं. पृथ्वीवर ते हाती यायला १८९५ उजाडलं. त्या ग्रहणाच्या निरीक्षणाशी जोडलेले चौथरे सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर आजही दाखवतात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो. किल्ल्यावर जाणार असाल तर ते चौथरे चुकवू नका.

आमरसाच्या डब्याची कड

घरात आमरसाचा ८५० ग्रॅमचा डबा असेल तर हातात घ्या आणि वरच्या कडेवरून नख फिरवा. ती उंचावलेली कड जेमतेम ३ मिलिमीटरची आहे. तेवढ्यात पत्र्याचे पाच थर आहेत, तीन झाकणाचे आणि दोन डब्याच्या अंगाचे. एक रोलर झाकणाची कड डब्याच्या कडेखाली वळवतो, दुसरा रोलर ती दाबून चपटी करतो. मधे रबरासारख्या लेपाचा पातळ थर. यात डाग नाही, वेल्डिंग नाही, नुसती घडीत घडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रीत रुळली आणि अजून तिला तोड सापडलेली नाही. रोजच्या वापरातल्या वस्तूंमध्ये इतका देखणा सांधा दुसरा नसेल, असं मला मनापासून वाटतं.

याची परीक्षा कशी? डबे बंद करणाऱ्या यंत्रावरून ठरावीक वेळाने डबा उचलतात आणि त्याची कड चक्क उलगडतात. करवतीने काप घेतात, भिंगाखाली धरतात. अंगाचा आकडा किती वळला, झाकणाचा किती, दोघे एकमेकांत किती अडकले, हे मोजतात. झाकणाच्या आतल्या कडेवर सुरकुत्या किती पडल्यात त्यावरून घडी किती घट्ट बसली ते ठरतं. सुरकुत्या जास्त म्हणजे घडी सैल. रोलर कसायला हवा.

एवढी काटेकोर तपासणी कशासाठी, हे स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीन शहराला विचारावं. १९६४ च्या मे महिन्यात तिथे विषमज्वराची साथ आली आणि बघता बघता चारशेहून जास्त माणसं इस्पितळात भरती झाली. माग काढत काढत तपास पोहोचला अर्जेंटिनाहून आलेल्या मांसाच्या एका मोठ्या डब्यापाशी. मांस नीट शिजवलेलं होतं. घात झाला तो नंतर. डबे गरम असताना ते निववायला पाराना नदीचं पाणी वापरलं होतं, क्लोरीन न घालता. डबा निवताना आत पोकळी तयार होते आणि जोडात केसाएवढी फट असली तरी ती बाहेरचं पाणी आत ओढते. एवढ्या एका थेंबातून जंतू आत गेले. पुढे दुकानात मांसाचे काप करणाऱ्या यंत्राने ते बाकीच्या मांसालाही लावले. तेव्हापासून डबे निववायच्या पाण्यात क्लोरीन हवं, ही गोष्ट जगभर पक्की झाली.

जुन्या गोदामांत एक परीक्षा निव्वळ कानाची असे. रचून ठेवलेल्या डब्यांच्या झाकणांवर काठीने टिचक्या मारत जायचं. आत पोकळी टिकलेला डबा खणखणीत वाजतो, हवा शिरलेला डबा बदबद. सराव झालेला माणूस शेकडो डब्यांतून तो एक अचूक बाजूला काढतो. घरी मात्र एवढं जरूर करा: फुगलेला किंवा कडेला चेपलेला डबा घेऊ नका, आणि घरात निघाला तर चव बघायच्याही भानगडीत न पडता टाकून द्या.

झटपट चार

वेल्डिंगच्या एका बाजूला खडूचा पांढरा लेप द्या, वाळू द्या, दुसऱ्या बाजूने रॉकेल लावा. फट असेल तर पांढऱ्यावर तेलकट डाग उमटतो. रॉकेल पाण्यापेक्षा कितीतरी सहज झिरपतं, त्यामुळे पाण्याला न सापडणारी फट त्याला सापडते. टाक्या आणि जहाजं बांधणाऱ्यांची ही स्वस्त आणि मस्त चाचणी.

गोळ्यांच्या पाकिटाचं सीलही तपासतात. काही पाकिटं निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून वरची हवा शोषतात. सील कच्चं असेल तर पाकिटातली हवा निघून जाते. मग हवा परत सोडली की तिच्या दाबाने निळं पाणी आत शिरतं. पाकिटं पुसून फोडायची. एक गोळी निळी निघाली तरी सगळी खेप अडकली.

डॉक्टरांच्या रबरी हातमोज्याला जोड नसतोच, तरी परीक्षा चुकत नाही. नमुन्याच्या मोज्यात पूर्ण १ लिटर पाणी ओतून तो टांगतात आणि दोन मिनिटांनी पुन्हा बघतात. पाण्याने तो एवढा लांबतो की बघणाऱ्याला आता फुटणार असंच वाटतं.

बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो. त्याचा वास लगेच येतो, पण येतोय कुठून ते कळत नाही. मग गंधकाची काडी पेटवून नळ्यांच्या जोडांजवळून फिरवतात. जिथे गळती, तिथे दाट पांढरा धूर!

परीक्षेनेच पाडलेलं भोक

आता एक गंभीर गोष्ट. २८ जानेवारी १९८६ ला ‘चॅलेंजर’ हे अमेरिकी अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सातही जण गेले. बूस्टर रॉकेटच्या भागांमधला सांधा गळला, कारण थंडीत त्यातल्या रबरी कड्यांचा लवचिकपणा गेला होता. चौकशी मंडळातल्या रिचर्ड फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्यात रबराचा तुकडा बुडवून ते सगळ्यांदेखत दाखवलं. ते पुष्कळांना माहीत आहे. त्यामागची ही दुसरी गोष्ट फार जणांपर्यंत पोहोचलेली नाही.

त्या सांध्यात रबरी कड्यांच्या आधी पुट्टीचा थर होता. कडी नीट बसली का, हे बघायला सांध्यात हवा भरत. सुरुवातीला चौरस इंचाला ५० पौंड दाब असे. मग लक्षात आलं की एवढा दाब नुसती पुट्टीसुद्धा अडवते, त्यामुळे सदोष कडीही पास होऊ शकते. म्हणून दाब वाढवत २०० पौंडांवर नेला. पण या दाबाने पुट्टीतच बारीक बोगदे पडू लागले, आणि उड्डाणाच्या वेळी रॉकेटचा धगधगता वायू त्याच वाटेने कड्यांपर्यंत पोहोचू लागला. पहिल्या नऊ उड्डाणांत या सांध्यांच्या कडीला इजा झाल्याची एकच नोंद होती. दाब २०० झाल्यावर निम्म्याहून जास्त उड्डाणांत ती दिसू लागली. चाचणी नेमाने झाली, आकडे नेमाने लिहिले गेले, आणि सांधा चाचणीनेच दुबळा होत गेला. सांधे तपासणाऱ्या प्रत्येकाला ही हकिकत पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

गिधाडांची गस्त

गॅसला मुळात वास नसतो. १८ मार्च १९३७ ला टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेखाली गळलेला गॅस साठला आणि त्याचा स्फोट झाला. सुमारे ३०० जीव गेले, बहुतेक लेकरं. वास असता तर कुणाला तरी कळलं असतं. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम घाण वासाचं द्रव्य मिसळायचे कायदे झाले. आपल्या स्वयंपाकघरात सिलिंडर गळला की येणारा वास त्याच जातीच्या द्रव्याचा, मरकॅप्टनचा.

हा वास सडक्या मांसाशी मिळताजुळता. त्यामुळे कॅलिफोर्नियात एका तेल कंपनीला फुकटचे पहारेकरी मिळाले. मैलोन्‌मैल पसरलेल्या गॅसवाहिनीत हे द्रव्य सोडलं की ‘टर्की व्हल्चर’ जातीची गिधाडं वासाच्या मागावर यायची आणि जिथे वाहिनी गळत असेल तिथे वर घिरट्या घालायची. अभियंत्यांनी फक्त आकाशात बघायचं! याच गोष्टीने पक्षिशास्त्रज्ञांनाही कामाला लावलं, कारण गिधाडाला वास येतो की ते नुसतं डोळ्यांनी शोधतं, हा त्यांचा जुना वाद होता. या जातीला वास येतो, हे पुढे पक्कं झालं.

सुईने पाडलेली भोकं

चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबर घालून पाणी न शिरणारं कापड बनवलं आणि शिंप्यांनी त्याचे कोट शिवले. पाणी शिवणीतून आत! सुई जिथे जिथे गेली तिथे तिथे भोक. आजच्या चांगल्या रेनकोटाच्या आत शिवणीवर गरम करून चिकटवलेली पट्टी असते, ती याचसाठी. कापड तपासताना ते यंत्रात ताणून बसवतात आणि एका बाजूने पाण्याचा दाब चढवत जातात. पहिला थेंब आला तरी थांबत नाहीत. तिसऱ्या जागी थेंब उमटला की आकडा लिहितात. रेनकोटावर १०,००० मिलिमीटर लिहिलं असेल तर तेवढ्या उंचीच्या, म्हणजे १० मीटर पाण्याचा दाब कापडाने सोसला असा अर्थ. पण हा आकडा बहुधा कापडाचा असतो. शिवणीची पट्टी खांद्यावर आणि टोपीला आहे का, हे दुकानात कोट उलटा करून आपणच बघावं.

४ जून १७८३ ला फ्रान्समध्ये मॉन्गोल्फिए बंधूंनी लोकांसमोर उडवलेला गरम हवेचा फुगा तर गुंड्यांनी जोडलेला होता. गोणपाट आणि कागद यांचे भाग, आणि सुमारे १८०० गुंड्या! गुंड्यांच्या फटींतून हवा जाणारच, तरी तो उडाला.

शिवलेलं जहाज

अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रातलं जहाज बघून भारतीय नौदलासाठी गोव्यात एक जहाज बांधलं गेलं, ‘कौंडिण्य’. बाबू शंकरन यांच्या हाताखाली केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या, सांध्यांत नारळाचा काथ्या आणि राळ भरली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरलं, मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं आणि २९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून मस्कतकडे निघालं. लाकडी होडीचा सांधा पाण्यात गेल्यावर आणखी घट्ट होतो, कारण भिजलेली फळी फुगते आणि फट मिटवते. आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना हे नवं नाही. पावसाळाभर कोरड्यावर राहिलेली लाकडी होडी पहिल्यांदा पाण्यात ढकलली की थोडं पाणी घेतेच, मग लाकूड भिजतं आणि ती सावरते.

तुमच्या सिलिंडरवरचं अक्षर

घरातला १४.२ किलोचा सिलिंडर म्हणजे दोन खोल वाट्या तोंडाला तोंड लावून पोटावर एका गोल वेल्डिंगने जोडलेल्या. कारखान्यात तो पाणी भरून, दाब देऊन तपासतात. हवा न भरता पाणीच का? पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे जोड सुटलाच तर पाणी नुसतं बाहेर येतं. तेवढ्याच दाबाची हवा असती तर बॉम्बच फुटला असता. पुढे ठरावीक वर्षांनी ही परीक्षा पुन्हा द्यावी लागते आणि तिची मुदत वरच्या कड्याखालच्या उभ्या पट्टीवर, आतल्या बाजूला रंगवलेली असते. एक अक्षर आणि दोन आकडे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडे वर्षाचे. म्हणजे ‘बी २९’ असेल तर जून २०२९ पर्यंत मुदत. मुदत उलटलेला सिलिंडर दारात आला तर घेऊ नका, बदलून मागा. आणि नवा जोडल्यावर रेग्युलेटरच्या सांध्यावर साबणाचा फेस लावून बघा. काडी ओढून गळती बघायची सवय घरात कुणाला असेल तर ती आजच मोडा.